नकोशा माऊला द्या हक्काचं घर

सोसायटीच्या गेटपाशी चपलांचा रिकामा खोका, त्यात एकमेकांना बिलगून बसलेली तीन-चार पिल्लं आणि भोवती जमलेली शाळेतून परतणारी मुलं. हे चित्र मुंबईत दिसतं, तसंच इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि दिल्लीतही दिसतं. थोड्या वेळाने मुलांपैकी एक जण पिल्लू छातीशी धरून घरी येतो आणि विचारतो, ‘‘आई, हिला ठेवू या ना आपण?’’

आईचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. कधी उत्साहाच्या भरात ते ‘हो’ असतं आणि महिन्याभरात तेच पिल्लू पुन्हा रस्त्यावर जातं. विचार न करता दिलेला नकार आणि विचार न करता दिलेला होकार, दोन्हींचा त्रास त्या मुक्या जिवालाच होतो.

टाकून दिलेल्या मांजराला घर देणं हे पुण्याचं काम खरंच, पण ते 12 ते 15 वर्षांचं काम आहे. घरात नीट सांभाळलेलं मांजर सहज तेवढं जगतं. म्हणून होकार देण्याआधी, आणि नकार देण्याआधीही, काही गोष्टी समजून घेऊ या.

मांजरं बेघर होतात तरी कशी?

मांजरं टाकून देणारे सगळेच काही निर्दयी नसतात. बदली होते, नव्या शहरात घरमालक प्राणी नको म्हणतो. घरात बाळ येणार असतं आणि कुणीतरी भीती घालतं. एकट्या आजी जातात आणि त्यांच्या मनीला कुणी वाली उरत नाही. हौसेने महागाचं पर्शियन मांजर आणलेलं असतं, पण त्याचे लांब केस रोज विंचरावे लागतात हे कुणी सांगितलेलं नसतं. केसांच्या जटा होतात, कातडीला जखमा होतात आणि मग ते मांजर एखाद्या बागेत सोडून दिलं जातं. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर अन्न शोधता येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही. ‘मोकळं सोडलं, कुठेही जगेल’ ही निव्वळ स्वतःची समजूत असते.

सगळ्यात मोठं कारण मात्र साधं आहे. नसबंदी केलेली नसते. मांजरीची पिल्लं साधारण 63 ते 65 दिवसांत जन्मतात. जेमतेम चार-पाच महिन्यांची मांजरीही गाभण राहू शकते. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडच्या उष्ण हवेत हे चक्र जवळजवळ वर्षभर चालू असतं. एका वेळी चार पिल्लं म्हटली तरी दोन वर्षांत एका घरातली मांजरं किती होतील, याचा हिशेब तुम्हीच करा. एवढ्या पिल्लांना घरं मिळत नाहीत आणि मग तो चपलांचा खोका गेटपाशी येतो.

त्यात अंधश्रद्धेची भर. काळं मांजर आडवं गेलं की थांबणारे लोक आजही आहेत. त्यामुळे काळ्या पिल्लांना घर मिळणं अवघड जातं. गंमत अशी की आपल्याच परंपरेत मांजर मारणं महापाप मानलं आहे. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्या आज्या सांगत. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचं वाहनही मांजरच. मग मांजर अशुभ कसं?

पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका

हे वाचून नवल वाटेल, पण एकटं दिसणारं प्रत्येक पिल्लू टाकलेलं नसतं. मांजरी पिल्लांना सुरक्षित जागी ठेवून खाणं शोधायला जाते. जागा धोक्याची वाटली तर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. तुम्ही बघता तेव्हा ती नेमकी दुसरं पिल्लू ठेवायला गेलेली असू शकते.

पिल्लं स्वच्छ असतील, पोट भरलेलं असेल आणि ती शांत झोपली असतील, तर आई जवळपासच आहे असं समजा. लांबून दोन-तीन तास लक्ष ठेवा. अगदी जवळ उभे राहिलात तर ती येणार नाही. आईचं दूध आणि आईची ऊब यांना तोड नाही. ती आली तर तिला खाणं-पाणी द्या आणि पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत त्यांना तिच्यापासून तोडू नका.

पिल्लं भिजत असतील, अंगावर मुंग्या किंवा जखमा असतील, वाहनांच्या वाटेत असतील किंवा बंद खोक्यात ठेवलेली असतील, तर मात्र वाट बघू नका. लगेच उचला. उचलताना जाड टॉवेल वापरा. घाबरलेलं पिल्लू चावतं, ओरबाडतं.

वय कसं ओळखायचं?

पुढची सगळी काळजी पिल्लाच्या वयावर अवलंबून असते. म्हणून आधी वय ओळखा.

डोळे मिटलेले आणि कान डोक्याला चिकटलेले असतील, तर पिल्लू साधारण आठवड्याच्या आतलं आहे. डोळे नुकतेच उघडले असतील आणि निळसर दिसत असतील, तर एक ते दोन आठवड्यांचं. अडखळत चालत असेल आणि पुढचे बारीक दात दिसू लागले असतील, तर तीन ते चार आठवड्यांचं. धावत असेल, दोरीशी खेळत असेल, तर पाच आठवड्यांच्या पुढचं. वजनही मदत करतं. जन्मतः पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि पुढे दर आठवड्याला जवळपास तेवढंच वाढतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा त्यासाठी पुरेसा आहे. वजन रोज एकाच वेळी करून वहीत लिहा. दोन दिवस वजन वाढलं नाही तर पिल्लू डॉक्टरांना दाखवा.

आधी ऊब, मग दूध

पिल्लू सापडलं की आपण धावत दुधाची वाटी आणतो. इथेच घात होतो. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी त्याला ऊब द्या. बाटलीत कोमट पाणी भरा, ती टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पिल्लाशेजारी ठेवा. पिल्लाला नको वाटलं तर बाजूला सरकता येईल एवढी जागा खोक्यात ठेवा. अंग कोमट लागू लागलं की मगच दूध द्या.

आणि दूध म्हणजे गाईचं किंवा म्हशीचं नाही. त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. ती डॉक्टरांकडे, प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळेल. डब्यावर दिलेल्या प्रमाणात ती कोमट पाण्यात कालवा.

दूध पाजताना पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका. ते आईला पितं तसं पोटावर राहू द्या, डोकं किंचित वर. उताणं पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तोंडात जबरदस्तीने धार सोडू नका, त्याला स्वतःहून चोखू द्या.

पहिल्या दोन आठवड्यांत दर दोन ते तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून शू-शी करू शकत नाही. आई चाटून त्याला करायला लावते. ते काम तुम्हाला करावं लागेल. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलकेच फिरवा.

चार आठवड्यांनंतर मऊ, ओलं खाणं चाटायला द्या. इथून पुढे तुमची रात्रीची झोप परत येते.

घरातल्या सगळ्यांचा ‘हो’ आहे ना?

मांजर एकट्याचं नसतं, ते घराचं असतं. मुलगी हट्ट करते, आई नाइलाजाने हो म्हणते, सासूबाई गप्प राहतात आणि बाबा ‘मला नका सांगू काही’ म्हणतात. अशा घरात मांजर आलं तर पहिल्या फाटलेल्या सोफ्यावरून भांडण ठरलेलं.

म्हणून आधी सगळे बसून बोला. सकाळी वाळूचं भांडं कोण साफ करणार? गावी गेल्यावर खाणं कोण देणार? डॉक्टरांचा खर्च कोण करणार? मुलांची परीक्षा असेल तेव्हा काय? दहा वर्षांचं मूल खाणं-पाणी देऊ शकतं, पण जबाबदारी मोठ्यांचीच राहते. ‘तुझं मांजर, तू बघ’ असं मुलाला सांगणं म्हणजे मांजराला उपाशी ठेवणं.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. फिरतीची नोकरी असेल तर बदलीनंतर मांजर कसं नेणार, याचा विचार आजच करा. रेल्वे आणि विमान कंपन्यांचे प्राणी नेण्याचे वेगवेगळे नियम आहेत. ते तिकीट काढण्याआधी विचारा.

घरात सतत शिंका, दमा असेल तर मांजर आणण्याआधी ज्या घरी मांजर आहे अशा ठिकाणी त्या व्यक्तीला दोन-तीन वेळा नेऊन बघा. त्रास वाढला तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शाकाहारी घरात मांजर पाळता येतं का?

हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो आणि त्याचं उत्तर स्पष्ट दिलं पाहिजे. मांजर मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर बराचसा निभावतो, मांजर निभावू शकत नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर मांजराची दृष्टी जाते आणि हृदय निकामी होतं. हे एका दिवसात होत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. ‘आमची मनी वर्षानुवर्षं दूध-भातावरच आहे’ असं म्हणणाऱ्यांची मनी बहुतेक वेळा बाहेर उंदीर-पाली खाऊन येत असते, एवढंच.

दुधाचंही तेच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. आवडतं, पण सोसत नाही.

मग शाकाहारी कुटुंबाने काय करावं? घरात मांस शिजवायची गरज नाही. मांजरांसाठीचं तयार कोरडं किंवा ओलं खाद्य मिळतं. त्यात टॉरिन घातलेलं असतं. ते वेगळ्या कपाटात ठेवा, भांडं वेगळं ठेवा आणि बाल्कनीत किंवा एका कोपऱ्यात खाऊ घाला. कुत्र्याचं खाद्य मात्र मांजराला चालत नाही. एवढंही घरच्यांना मान्य नसेल तर मांजर पाळू नका. त्याऐवजी गल्लीतल्या एका मांजरीच्या नसबंदीचा खर्च उचला. तेही तितकंच मोलाचं काम आहे.

पहिले काही दिवस एकच खोली

नव्या घरी आलेलं मांजर पलंगाखाली जाऊन बसतं. दोन दिवस बाहेर येत नाही. मुलं हिरमुसतात आणि मोठे म्हणतात, ‘‘हे माणसाळणार नाही.’’ धीर धरा. मांजरासाठी जागा म्हणजे सर्वस्व. सगळे वास बदलले की ते घाबरतं.

त्याला आधी एकच खोली द्या. खाणं-पाणी एका कोपऱ्यात आणि वाळूचं भांडं लांब दुसऱ्या कोपऱ्यात. जेवणाजवळ शौच मांजराला आवडत नाही. लपायला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. त्याला ओढून बाहेर काढू नका. तुम्ही खोलीत जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला. ते तुमचा वास घेईल आणि एक दिवस पायाला अंग घासेल. साधारण तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घरची वेळ कळायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला, असा ढोबळ हिशेब धरा. मारहाण सोसलेल्या मांजराला याहून जास्त वेळ लागतो.

मैत्री करायची एक सोपी युक्ती आहे. मांजराकडे बघून डोळे अर्धे मिटा, हळूच पूर्ण मिटा आणि उघडा. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की अशी हळू उघडझाप करणाऱ्या माणसाला मांजरंही तसाच प्रतिसाद देतात आणि त्याच्याजवळ यायला जास्त तयार असतात. टक लावून बघणं मात्र त्यांना धमकी वाटतं.

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. रोग पसरत नाहीत आणि दाराच्या फटीतून वासाची ओळख होते. मग पांघरुणं अदलाबदल करा आणि त्यानंतर समोरासमोर आणा.

डॉक्टर, लस आणि नसबंदी

मांजर घरी आलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच पशुवैद्यांकडे न्या. जंत, पिसवा, कानातले किडे आणि कातडीचा बुरशीचा रोग या चार गोष्टी रस्त्यावरच्या मांजरात नेहमी सापडतात. बुरशीचा रोग म्हणजे आपलं गजकर्णच. तो माणसांनाही होतो. म्हणून तपासणीआधी पिल्लू मुलांच्या अंथरुणात घेऊ नका.

लसी दोन प्रकारच्या. पहिली मांजरांच्या जीवघेण्या रोगांसाठी. त्यात पॅनल्युकोपेनिया हा रोग सर्वात भयंकर. उलट्या-जुलाबाने काही दिवसांत पिल्लं दगावतात. ही लस आठ-नऊ आठवड्यांपासून सुरू होते आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. दुसरी रेबीजची, साधारण तीन महिन्यांनंतर. रेबीज फक्त कुत्र्यांना होतो हा गैरसमज आहे. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, चुना लावत बसू नका.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या आसपास करून घ्या. ‘एकदा तरी आई होऊ द्या तिला’ असं म्हणणारे बरेच भेटतील. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट लवकर नसबंदी केली तर मांजरीत स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूप कमी होतो आणि गर्भाशयाचा जंतुसंसर्ग टळतो. बोका घरभर लघवी उडवत नाही, मारामाऱ्या करून जखमी होऊन येत नाही.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि प्राणी कल्याण संस्था यांची चौकशी करा. मुंबईत परळचं ‘बैलघोड्याचं हॉस्पिटल’ कुणाला ठाऊक नाही? 1874 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एसपीसीए या संस्थेचं ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पुण्यात रेस्क्यू, चेन्नईत ब्लू क्रॉस ऑफ इंडिया, बेंगळुरूत क्यूपा, दिल्लीत फ्रेंडिकोज आणि संजय गांधी अॅनिमल केअर सेंटर या संस्था बरीच वर्षं हे काम करत आहेत. तिथून मांजर दत्तकही घेता येतं. आपल्या महापालिकेत पाळीव मांजराची नोंदणी लागते का, हेही विचारून घ्या.

घरातले न दिसणारे धोके

आपण ज्यांना रोजच्या वस्तू म्हणतो, त्यातल्या कित्येक मांजरासाठी विष आहेत.

ताप आलाय असं वाटून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीच्या गोचिडीच्या औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला अजिबात चालत नाही. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं, म्हणून फिनेल बंद करा किंवा फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसून कोरडी करा. डांबराच्या गोळ्या, कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका हेही लांब ठेवा. वाढदिवसाच्या गुच्छातली लिली घरात ठेवूच नका. तिचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

उंच इमारतीत राहत असाल तर मांजर आणण्याआधी खिडक्या-बाल्कनीला जाळी लावा. ‘मांजर चार पायांवर पडतं’ हे खरं, पण चार पायांवर पडूनही जबडा, छाती आणि पाय मोडतात. कबुतरावर झेप घेताना त्याला आठवा मजला दिसत नाही. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत डोकावून बघा. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. ऊबेसाठी पिल्लं इंजिनजवळ बसतात. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी दारं-खिडक्या लावा.

आणि दोन लक्षणं पाठ करून ठेवा. मांजराने 24 तासांहून जास्त काही खाल्लं नाही, तर डॉक्टर. बोका पुन्हा पुन्हा वाळूत बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच क्षणी डॉक्टर. लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळपर्यंत थांबू नका.

बाळ येणार म्हणून मांजर घराबाहेर?

घरात गोड बातमी आली की पहिला बळी मांजराचा जातो. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. भीती खोटी नाही, पण उपाय सोपा आहे. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि संसर्ग करण्यायोग्य व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचं भांडं रोज साफ व्हायला हवं आणि ते काम गर्भवतीने नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. नवरोबांसाठी याहून सोपं काम नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हाच संसर्ग होतो, हे विसरू नका. मांजराला कच्चं मांस घालू नका, बाहेर भटकू देऊ नका आणि शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

बाळ आल्यावर पाळण्याच्या खोलीत मांजराला एकटं सोडू नका. बाळ रांगायला लागलं की त्याला शेपटी ओढू नये हे शिकवा आणि मांजराला चढून बसायला एखादी उंच जागा द्या.

मोठं मांजर कुणी घेत नाही

सगळ्यांना पिल्लू हवं असतं. तीन वर्षांची मांजरी, एका डोळ्याने अंध असलेला बोका किंवा तीन पायांचं मांजर आश्रयगृहात वर्षानुवर्षं राहतं. खरं तर नोकरी करणाऱ्या जोडप्यासाठी आणि वयस्कर आई-बाबांसाठी मोठं मांजरच सोयीचं. त्याचा स्वभाव कळलेला असतो, वाळूची सवय असते आणि ते पडदे चढत नाही. सत्तरीच्या आजोबांनी दोन महिन्यांचं पिल्लू घेण्यापेक्षा आठ वर्षांची शांत मांजरी घेतली तर दोघांचं छान जमतं. तीन पायांचं मांजर तर चौथ्याची उणीव काही आठवड्यांत विसरतं.

पाळता येत नसेल तर?

प्रत्येकाला मांजर पाळता येईल असं नाही. पण ‘पाळता येत नाही’ आणि ‘काहीच करता येत नाही’ यात फरक आहे.

कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लांना महिना-दोन महिने सांभाळता येतं. यालाच फॉस्टर करणं म्हणतात. निवृत्त मंडळी आणि घरून काम करणारे यांना हे सहज जमतं. निरोप देताना डोळ्यांत पाणी येतं, पण मोकळ्या झालेल्या खोक्यात पुढचं पिल्लू वाचतं.

पिल्लू दुसऱ्याला देताना ‘कुणीही न्या, फुकट’ असं लिहू नका. घरी जाऊन बघा. जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांचा होकार आहे का, आधीचं मांजर होतं तर त्याचं काय झालं, हे विचारा. नसबंदी करण्याचं लेखी आश्वासन घ्या आणि ‘नाही जमलं तर रस्त्यावर सोडू नका, मला परत द्या’ हे आवर्जून सांगा.

काही मांजरं माणसाजवळ कधीच येत नाहीत. रस्त्यावर जन्मून मोठी झालेली अशी मांजरं घरात कोंडली तर घाबरून आजारी पडतात. त्यांच्यासाठी त्यांची गल्ली हेच घर. त्यांना पकडायचं, नसबंदी आणि लस करायची आणि त्याच जागी सोडायचं, हाच मार्ग. एका कानाचं टोक कापलेलं मांजर दिसलं तर समजा, त्याची नसबंदी झालेली आहे. अशा मांजरांना उचलून लांब नेऊन सोडलं तर मोकळ्या जागेवर थोड्याच दिवसांत नवी मांजरं येतात, आणि नेऊन सोडलेली मांजरं अनोळखी जागी मरतात.

सोसायटीत वाद टाळायचा असेल तर खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात द्या आणि उरलेलं उचलून जागा पुसून घ्या. तक्रारी मांजरापेक्षा घाणीबद्दल जास्त असतात.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्यामागे प्रसिद्ध नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे प्रयत्न होते. पुढे 1962 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. या कायद्याच्या 11 व्या कलमानुसार भूक-तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र आजही 10 ते 50 रुपये एवढाच. एका वडापावाच्या किमतीत सुटका! विष घालणं किंवा प्राण्याला मारून टाकणं, अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण 50 रुपयांच्या दंडाने कुणी मांजर टाकायचं थांबत नाही. वेळेवर केलेली नसबंदी, बदलीच्या आधी केलेली सोय आणि शेजाऱ्याला दिलेला योग्य सल्ला यांनी ते थांबतं.

मांजर घराला काय देतं, याची मोठी यादी देण्याची गरज नाही. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी ‘म्यांव’ असं फारसं बोलत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. संध्याकाळी कुलूप उघडताना दारामागून तो आवाज आला की दिवसभराचा शीण उतरतो, आणि घरातलं अबोल मूलही मांजराशी तासन्‌तास बोलू लागतं.

तुमच्या मुलाने आज पिल्लू घरी आणलं, तर लगेच ‘हो’ म्हणू नका आणि लगेच ‘नाही’ही म्हणू नका. पिल्लाला आधी ऊब द्या, डॉक्टरांना दाखवा आणि रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांनी बसून ठरवा. उत्तर ‘हो’ असेल तर पुढची 15 वर्षं ते ‘हो’च राहू द्या. ‘नाही’ असेल तर त्या पिल्लाला चांगलं घर मिळेपर्यंत त्याचा हात सोडू नका.